पहिलं काम नक्की कुणाचं? जपानी ॲनिमेशन आणि माझ्या सिनॉप्सिसमधली एक चूक

पेट निघालेल्यांकडून मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "विषय ठरलाय, पण रिसर्च क्वेश्चन काही सापडत नाही." विषय आणि प्रश्न यांत फरक असतो हे मलाही सिनॉप्सिस परत आल्यावरच कळलं. तीच गोष्ट आज सांगते, कारण माझी चूक तुमच्या विषयातही होण्यासारखी आहे, मग तुम्ही सिनेमावर काम करा, साहित्यावर करा नाहीतर चित्रकलेवर.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'हायाओ मियाझाकी यांचे प्रारंभिक चित्रपट : उत्तरकालीन शैलीची बीजे'. ऐकायला भारदस्त. गाइड मॅडमनी दुसऱ्या पानावर 'पांडा कोपांडा' या नावाभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "याचं दिग्दर्शन कुणाचं?" मी म्हटलं, "इसाओ ताकाहाता." "मग शीर्षकात मियाझाकी कुठून आले?" मी गप्प. तसं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते असं होतं की आज मियाझाकी जास्त प्रसिद्ध आहेत म्हणून. हे काय मोठ्याने बोलण्यासारखं उत्तर आहे?

'पांडा कोपांडा' हा 1972 च्या डिसेंबरमध्ये आलेला अर्ध्या तासाचा बोलपट. मिमिको नावाची लाल वेण्यांची एक मुलगी, आजी गावाला गेलेली, घरात ही एकटी. एक दिवस घरात पांडाचं पिल्लू सापडतं, मागोमाग त्याचा बाप येतो. मिमिकोला वडील नाहीत आणि पिल्लाला आई नाही. झालं, मोठा पांडा तिचा बाबा होतो आणि ती पिल्लाची आई. शेवटी हा पांडाबाबा नोकरीवर जावं तसा रोज प्राणिसंग्रहालयात जातो आणि संध्याकाळी घरी परततो. पुढच्याच वर्षी याचा दुसरा भाग आला. त्यात पूर येतो, घर पाण्यात बुडतं आणि ही मंडळी पलंगाची होडी करून सर्कशीतल्या प्राण्यांना सोडवायला निघतात.

ज्यांनी 1988 चा 'तोतोरो' पाहिलाय त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच ओळख पटते. तोच गलेलठ्ठ, केसाळ, कानापर्यंत हसणारा प्राणी, आणि त्याला मुळीच न घाबरणारी लहान मुलगी. दुसऱ्या भागातला पूर पाहताना 2008 चा 'पोन्यो' आठवतो. मीही तेच केलं. दोन स्तंभ आखले, डावीकडे पांडा, उजवीकडे तोतोरो, आणि साम्यांची यादी. चौदा साम्यं निघाली. मला वाटलं, चला, एक प्रकरण झालं.

पण ती यादी कशी तयार झाली ते बघा. 'तोतोरो' मला आधीच माहीत होता, म्हणून पांडामध्ये मला तोतोरोच दिसला. जे त्याच्यासारखं नव्हतं ते यादीत आलंच नाही. याला टेलिऑलॉजी म्हणतात, म्हणजे शेवट माहीत असल्यामुळे सुरुवातीतही शेवटच दिसणं. 1972 साली हा बोलपट करणाऱ्या एकालाही तोतोरो ठाऊक नव्हता. जिब्ली स्टुडिओ निघायला तेरा वर्षं होती. त्या वेळी त्यांच्या टेबलावर काय होतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

टेबलावर काय होतं ते सांगते. 1971 मध्ये ताकाहाता, मियाझाकी आणि त्यांचे सहकारी योइची कोताबे तोएई हा मोठा स्टुडिओ सोडून ए प्रॉडक्शनमध्ये आले, ते एका ठरावीक कामासाठी. स्वीडिश लेखिका अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या 'पिप्पी लाँगस्टॉकिंग'वर मालिका करायची होती. मियाझाकी त्यासाठी स्वीडनलाही जाऊन आले. लिंडग्रेन यांची परवानगी मिळाली नाही आणि प्रकल्प बारगळला. आता पिप्पी कोण? वेण्या घातलेली, मोठ्या माणसांशिवाय एकटी राहणारी, कुणाला न जुमानणारी मुलगी. मिमिकोकडे पुन्हा एकदा बघा. दुसरी गोष्ट म्हणजे 1972 च्या सप्टेंबरमध्ये जपान आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरळीत झाले आणि ऑक्टोबरअखेर चीनकडून भेट आलेले दोन पांडा तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात पोचले. सगळ्या देशाला पांडाचं वेड लागलं. बोलपट लागला डिसेंबरात.

म्हणजे मिमिको ही तोतोरोतल्या मेईची पूर्वज आहे, की न झालेल्या पिप्पीची वारस? आणि तो गलेलठ्ठ प्राणी कुणा एकाच्या कल्पनेतून आला, की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून? माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे. पण पहिलं विधान करायला नुसते डोळे पुरतात, दुसऱ्यासाठी तारखा शोधाव्या लागतात. मी सोपं ते केलं होतं.

बरं, यात ताकाहातांचं काय? दिग्दर्शन त्यांचं. पटकथा आणि दृश्यरचना मियाझाकींची. चित्रांवर देखरेख यासुओ ओत्सुका आणि कोताबे यांची. बिछाना आवरणं, नाश्ता करणं, दार लावून शाळेला निघणं, अशा रोजच्या कामांकडे तो बोलपट फार निवांतपणे बघतो. दोन वर्षांनी, 1974 मध्ये, ताकाहातांनी 'हायडी' ही मालिका केली, आणि तिथे हीच नजर मुख्य झाली. म्हणजे 'पांडा'मधून एक वाट 'हायडी'कडेही जाते. माझ्या चौदा साम्यांच्या यादीत त्या वाटेची एकही खूण नव्हती.

इथे थोडं श्रेयनामावलीबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. आपण 'दिग्दर्शक' म्हणतो तेव्हा एक माणूस डोळ्यांसमोर येतो. जपानी ॲनिमेशनमध्ये ते काम फोडलेलं असतं. 'कान्तोकु' म्हणजे सगळ्या कामाचा प्रमुख. 'एन्शुत्सु' म्हणजे दृश्यांची मांडणी सांभाळणारा. टीव्ही मालिकेत दर भागाचा एन्शुत्सु वेगळा असू शकतो, आणि साठच्या दशकात तोएईच्या बोलपटांत तर मुख्य दिग्दर्शकालाच एन्शुत्सु म्हणत. 'एकोन्ते' म्हणजे स्टोरीबोर्ड. 'गेन्गा' म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं, 'दोगा' म्हणजे त्यांच्या मधली चित्रं, आणि 'साकुगा कान्तोकु' म्हणजे ही चित्रं तपासून सुधारणारा. इंग्रजी याद्यांमध्ये यातले दोनतीन शब्द एकाच 'डायरेक्टर'मध्ये कोंबलेले आढळतात. तुम्ही पुण्यात असाल तर जपानीचे वर्ग मिळायला अडचण नाही. निदान एवढे पाचसहा शब्द पडद्यावर ओळखता येतील इतकं शिकाच.

आता नामावली वाचता आली तरी ती खरं सांगेलच असं नाही. 'ल्युपिन तिसरा' या मालिकेचं पहिलं पर्व 1971 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. दिग्दर्शक होते मासाआकी ओसुमी. प्रेक्षकसंख्या पडली, ओसुमी बाहेर पडले आणि उरलेलं काम ताकाहाता-मियाझाकींकडे आलं. पडद्यावर मात्र त्यांची नावं नाहीत, तिथे लिहिलंय 'ए प्रॉडक्शन एन्शुत्सु गट'. नुसत्या नामावलीवर विसंबलात तर हे काम तुमच्या यादीतून सुटेल. उलट 'मियाझाकींचा ल्युपिन' म्हणालात तर ओसुमी सुटतील, ज्यांनी त्या मालिकेचा मूळचा कोरडा, प्रौढ सूर लावला. 1980 मध्ये दुसऱ्या पर्वाचे दोन भाग मियाझाकींनी पुन्हा केले, तेव्हा नाव लावलं 'तेरुकी त्सुतोमु'. ते टोपणनाव, आणि त्यात त्यांच्या त्या वेळच्या टेलिकॉम या स्टुडिओच्या नावावर कोटी. मामोरू होसोदा यांचंही तसंच. तोएईत नोकरीला असताना त्यांनी 1997 च्या 'उतेना' या मालिकेसाठी स्टोरीबोर्ड केले ते 'कात्सुयो हाशिमोतो' या नावाने. नोकरी एकीकडे आणि आवडीचं काम दुसरीकडे, हे काही फक्त आपल्याकडेच चालत नाही!

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 1968 च्या 'होरुस'ने. 'सूर्याचा राजपुत्र होरुसचं महान साहस' असं त्याचं लांबलचक नाव. ताकाहातांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. ओत्सुका चित्रदिग्दर्शक, मियाझाकी दृश्यरचनेला. तोएईत 1963 साली लागलेला हा पोरगा तोवर मधली चित्रं काढणाऱ्यांपैकी एक होता. काम 1965 मध्ये सुरू झालं, मध्ये बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. हे सगळे कामगार संघटनेत सक्रिय होते, ताकाहाता आणि मियाझाकी तर पदाधिकारी. ओत्सुका-ताकाहातांनी कल्पना मांडण्याचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं होतं, हुद्दा न बघता. मूळ आधार होता आयनू लोकांच्या कथेवरचं एक कठपुतळी नाटक, पण बोलपटात गोष्ट उत्तर युरोपात नेली गेली. गोष्टही तशीच, एकजूट होऊन सैतानाशी लढणाऱ्या गावाची. बोलपट तिकीटबारीवर आपटला.

त्यात दोन प्रसंग असे आहेत की पाहणारा चमकतो. लांडगे गावावर चाल करून येतात, आणि पुढे उंदरांचा हल्ला होतो. या दोन्ही ठिकाणी चित्रं हलतच नाहीत. स्थिर चित्रांवरून कॅमेरा सरकत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत लिहिलं, 'हिंसेचं गोठवलेलं चित्रण, आधुनिकतावादी प्रयोग'. दोन पानं भरली होती त्यावर! नंतर निर्मितीचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की वेळ आणि पैसा संपला होता. ते प्रसंग हलवून पूर्ण करायचे होते, स्टुडिओकडून मुदत मिळाली नाही.

माझी दोन पानं वाया गेली, पण पूर्ण नाही. प्रेक्षकावर त्या स्थिर चित्रांचा परिणाम काय होतो, हा प्रश्न अजूनही रास्त आहे. पडद्यावर जे आहे ते आहेच. फक्त 'दिग्दर्शकाने असं ठरवलं' हे वाक्य मला लिहिता येणार नाही. परिणाम आणि हेतू यांच्यासाठी पुरावा वेगवेगळा लागतो. पहिल्यासाठी बोलपट पुरतो, दुसऱ्यासाठी कागदपत्रं किंवा माणसं लागतात. व्हायव्हात हा फरक सांभाळता आला नाही तर बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतात. मी पाहिलंय.

माणसांच्या आठवणी हासुद्धा पुरावाच, पण तो वाचायची एक रीत आहे. 1965 च्या 'गलिव्हरची अंतराळयात्रा' या बोलपटाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. शेवटी यंत्रमानव राजकन्येचं कवच फुटतं आणि आतून खरी माणूस मुलगी बाहेर येते. ही कल्पना मधली चित्रं काढणाऱ्या तरुण मियाझाकींची, दिग्दर्शकाने ती मान्य केली. गोष्ट छान आहे आणि मी ती खोटी म्हणत नाही. पण त्या खोलीत आणखी कितीतरी जण मधली चित्रं काढत होते. त्यांच्या सूचनांच्या गोष्टी का सांगितल्या जात नाहीत? कारण ते पुढे मियाझाकी झाले नाहीत. आठवणीसुद्धा मागे वळून निवडल्या जातात. कामंही तशीच जपली जातात. 1972 मध्ये केलेला 'युकीचा सूर्य' हा काही मिनिटांचा नमुनापट मालिका न झाल्यामुळे कपाटातच राहिला. कितीतरी दशकांनी तो लोकांसमोर आला तो मियाझाकींचं नाव त्यावर होतं म्हणूनच. त्या काळातले इतर नमुनापट असे कोण बाहेर काढणार?

मग 'सुरुवातीच्या कामांचा' अभ्यास करूच नये का? तसं नाही. सातत्याचा दावा करायचा असेल तर तो तपासता येईल असा मांडा. इथे होसोदांचं उदाहरण मला फार उपयोगी पडलं. 2000 साली त्यांनी 'डिजिमॉन'चा चाळीस मिनिटांचा बोलपट केला, 'आमचा युद्धखेळ'. इंटरनेटमध्ये एक उपद्रवी प्राणी जन्मतो, मुलं घरच्या संगणकावरून त्याच्याशी लढतात, आणि बाहेर रोजचं घरगुती जग चालू असतं. 2009 चा 'समर वॉर्स' पाहिलेल्यांना हा सांगाडा तोंडपाठ असेल. आता लेखक बघा. पहिल्याची पटकथा रेइको योशिदांची, दुसऱ्याची सातोको ओकुदेरांची. लेखिका बदलली, स्टुडिओ बदलला, डिजिमॉनची मालकी असलेली कंपनीही मध्ये राहिली नाही, तरी सांगाडा तोच राहिला आणि दिग्दर्शक तोच होता. इथे 'हे होसोदांचं' म्हणायला पाठबळ आहे. पांडा आणि तोतोरोमध्ये हे असं सुटं करता येत नाही, कारण तिथे माणसंही गुंतलेली आहेत आणि कारणंही.

सातोशी कोन यांचा मामला याच्या मधला. 1995 च्या 'मेमरीज'मधला पहिला भाग, एका मृत ऑपेरा गायिकेच्या आठवणींनी भरलेलं ओसाड अंतराळस्थानक. आठवण कुठे संपते आणि खरं कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. दोनच वर्षांनी आलेला 'परफेक्ट ब्लू' पाहिला असेल तर लगेच म्हणाल, हा तर कोनच. पण मूळ गोष्ट कात्सुहिरो ओतोमो यांच्या मांगाची, दिग्दर्शन कोजी मोरिमोतो यांचं, आणि कोन यांची पटकथा. मग काय करायचं? मांगा समोर ठेवायचा, बोलपट समोर ठेवायचा, आणि मांगात नसलेलं जे बोलपटात आलं त्याची यादी करायची. त्यातही काही मोरिमोतोंचं निघेल, म्हणून त्यांची इतर कामंही पाहायची. काम कंटाळवाणं आहे. एका प्रकरणाला एक सेमिस्टर सहज जातं.

एक गंमत सांगते. मासाआकी युआसा हे आज मोठं नाव. त्यांनी सुरुवातीची कितीतरी वर्षं 'क्रेयॉन शिनचान'वर काम केलं, 1996 च्या 'हेंडरलँड' या शिनचानपटाच्या शेवटच्या वेड्यावाकड्या पाठलागात त्यांचा हात आहे. होय, तोच शिनचान, जो आपण शाळेतून आल्यावर हंगामावर हिंदीत बघायचो आणि ज्याच्यापायी आईच्या शिव्या खायचो. 'अप्रकाशित सुरुवातीची कामं' म्हटलं की आपण दूरच्या एखाद्या कपाटाकडे बघतो.

वाचायला कुठून सुरुवात करावी असंही काहींनी विचारलंय. सुझन नेपियर यांचं 2018 चं मियाझाकींवरचं पुस्तक दिग्दर्शकाचं आयुष्य आणि कामं एकत्र वाचतं. इयन कॉन्ड्री यांचं 2013 चं 'द सोल ऑफ अॅनिमे' स्टुडिओत बसून, बैठका बघून, सामूहिक कामाचा विचार करतं. दोन्ही लागोपाठ वाचा. दोघांच्या मधल्या फटीत तुमचा प्रश्न सापडायची शक्यता बरीच आहे, माझा तिथेच सापडला.

माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक आता असं आहे : 'ए प्रॉडक्शनमधील सामूहिक निर्मिती आणि तिचे उत्तरकालीन श्रेयनिर्धारण, 1971 ते 1973'. कुणाच्या तोंडात बसत नाही. आरआरसीत एका सदस्यांनी विचारलं, "यात मियाझाकी आहेत ना?" म्हटलं, "आहेत सर, तिसऱ्या प्रकरणात." चौदा साम्यांची ती यादी मी अजून ठेवलीय, आणि तिच्याशेजारी तिसरा स्तंभ आखलाय, 'हायडी'चा. त्यात आतापर्यंत नऊ ओळी भरल्यात.